२१४ आणि १७८

अंकासाठी "मॅडम, रक्तावर लिहू का?" असं विचारलं तेव्हा त्यांना वाटलं मी मागच्या महिन्यातल्या रक्तदान शिबिराचा वृत्तांत देणार आहे. मी म्हटलं, नाही, रक्तातल्या पेशी मोजण्यावर. "मग तो सायन्सवाल्यांचा विषय ना गं?" मला पण तसंच वाटत होतं. पण दोन वर्षं झाली, हा विषय माझ्या कपाटात एका निळ्या फाईलमध्ये पडून आहे, आणि सायन्सवाल्या मैत्रिणींना सांगून बघितलं तर त्या म्हणतात, "ते सिलॅबसमध्ये नाही."

फाईल माझ्या धाकट्या अंकलची. पप्पांचे सगळ्यात लहान भाऊ. त्यांना एचआयव्ही आहे हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. घर बदलताना फाईल माझ्या हातात आली म्हणून कळलं, नाहीतर अजूनही "अंकलना जुना छातीचा त्रास आहे" एवढंच माहीत असतं. तो आजार त्यांना कसा झाला हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "नाव तेवढं घालू नकोस. बाकी काय पण लिही की."

फाईलमध्ये सगळ्यात वर दोन रिपोर्ट आहेत. दोन्ही २००८ सालातले, मध्ये फक्त बारा दिवसांचं अंतर. पहिल्यावर लिहिलंय, सीडी४ : २१४. दुसऱ्यावर, सीडी४ : १७८.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सीडी४ पेशी म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींमधल्या लिम्फोसाइट जातीतल्या मदतनीस पेशी. कुठल्याही जंतूशी लढताना बाकीच्यांना कामाला लावणाऱ्या. एचआयव्ही नेमका त्यांच्यावर हल्ला करतो. म्हणून एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे थेंबाच्याही लहानशा अंशात, त्या किती उरल्यात यावरून माणूस आजाराच्या कुठल्या पायरीवर आहे ते समजतं. आपल्या देशात सरकारी केंद्रांतून मोफत औषध १ एप्रिल २००४ पासून मिळू लागलं, पण ते लगेच सगळ्यांना नव्हतं. त्या काळी रेघ होती २०० ची. दोनशेच्या खाली गेलात की औषध सुरू. वर असाल आणि दुसरी काही लक्षणं नसतील, तर थांबा.

आता परत ते दोन आकडे बघा. एक रेघेच्या पलीकडे, एक अलीकडे.

पहिल्या रिपोर्टनंतर अंकलना सांगितलं गेलं, सहा महिन्यांनी या. आजीला ते पटलं नाही, तिने दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. तिथे १७८ आले. ते घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले ती लॅब बरोबर नाही. दुसरीकडे म्हणाले, ती लॅब बरोबर नाही. अंकलनी दोन्ही कागद फाईलला लावले आणि घरी येऊन बसले. "मशीनलाच ठाऊक नाही तर मला काय कळणार?" हे त्यांचं वाक्य आमच्या घरात अजून कशावरही वापरतात, गॅसच्या बिलापासून मोबाईलच्या रेंजपर्यंत. ते कुठून आलं हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर ते अकरा महिने कुठल्याच दवाखान्यात गेले नाहीत. फाईलमधला तिसरा रिपोर्ट टीबीच्या वॉर्डातला आहे. वजन ४१ किलो. सीडी४ : ६१. त्या आकड्यावर कुणी वाद घातला नाही.

मी दोन वर्षं त्या पहिल्या लॅबवर रागावून होते. कुणाचं तरी चुकलं असणारच, नाहीतर एकाच माणसाचं रक्त बारा दिवसांत दोन गोष्टी कशी सांगेल? माझी आत्येबहीण पुण्यातल्या एका लॅबमध्ये हेच काम करते, फ्लो सायटोमेट्री. अंकल तिचे मामा. तिला दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवले आणि लिहिलं, "ताई, यातलं खोटं कुठलं?" तिचं उत्तर आलं : "सुट्टीत इकडं ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

मे महिन्यात गेले. तिच्या साहेबांची परवानगी काढून तिने मला रविवारी लॅबमध्ये नेलं. मला वाटलेलं मशीन खोलीएवढं असेल. ते मोठ्या मायक्रोवेव्हएवढं निघालं, शेजारी पाण्यासारख्या द्रवाचे दोन कॅन. ताईने जांभळ्या टोपणाची ट्यूब घेतली, ठरलेलं माप रक्त पिपेटने दुसऱ्या ट्यूबमध्ये घातलं, त्यात अँटिबॉडी. मग ती पंधरा मिनिटं अंधारात ठेवायची, कारण अँटिबॉडीला चिकटवलेले रंग उजेडात फिके पडतात. त्यातला एक रंग समुद्रातल्या लाल शेवाळातून येतो हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. मग लाल पेशी फोडणारं द्रावण. मग मशीन.

आत काय होतं ते ताईच्या शब्दांत : "कम्युनियनच्या रांगेसारखं. कितीही गर्दी असू दे, पुढे एकेकालाच जायचं." भोवती वाहणाऱ्या द्रवामुळे रक्ताची धार इतकी बारीक होते की पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारोंनी. प्रत्येक पेशीवर प्रकाश आदळतो. सरळ पुढे गेलेला प्रकाश पेशीच्या आकाराबद्दल सांगतो, बाजूला उडालेला प्रकाश तिच्या आतल्या कणीदारपणाबद्दल, आणि रंग चमकला तर कुठली अँटिबॉडी तिला चिकटली ते कळतं. पेशींचे रेणू मोजण्याची ही यंत्रं १९६० च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने घडवायला घेतली. पण खरी सोय झाली १९७५ नंतर. केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच रेणूला, आणि त्यालाच, चिकटणाऱ्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवायची पद्धत शोधली. त्याचं नोबेल १९८४ साली मिळालं.

आणि इथे माझ्या विषयाचा माल सापडला. अशा अँटिबॉडी बनवता येऊ लागल्यावर जो तो आपापल्या अँटिबॉडीला आणि ती ज्याला चिकटते त्या रेणूला आपलं नाव देऊ लागला. आज ज्याला सीडी४ म्हणतात त्याला एका कंपनीच्या बाटलीवर ओकेटी४ म्हणत, दुसरीच्या बाटलीवर ल्यू-३. सीडी३ ला एकीकडे ओकेटी३, तर दुसरीकडे ल्यू-४. म्हणजे तीन नंबर एका कंपनीत एक गोष्ट आणि दुसरीत भलतीच! आमच्या बेळगावात एकाच भाजीला मराठीत एक, कोंकणीत दुसरं आणि कानडीत तिसरं नाव असतं, पण भाजीवालीसमोर बोट दाखवून भागतं. रेणूकडे बोट दाखवता येत नाही. शेवटी १९८२ साली पॅरिसला सगळे जमले, अँटिबॉडीज एकमेकांना देऊन ताडून बघितल्या, आणि एकाच रेणूला चिकटणाऱ्यांचा एक गठ्ठा करून त्याला सीडी हे आडनाव आणि एक क्रमांक दिला. शास्त्रज्ञांची ती एक प्रकारची कोशाची बैठकच होती. कुणाचं नाव गेलं म्हणून कोण रुसलं असेल, हे मात्र कुठे लिहून ठेवलेलं मला मिळालं नाही.

नाव एक झालं की आकडा एक येईल असं मला वाटलं. ताई हसली. तिने सरावासाठी ठेवलेली एक जुनी, नाव-गाव काढून टाकलेली फाईल उघडली. पडद्यावर ठिपकेच ठिपके, एक ठिपका म्हणजे एक पेशी. तीन ढग दिसत होते, पण त्यांच्या कडा कुठे संपतात ते धड कळत नव्हतं. "यातल्या लिम्फोसाइटभोवती रेघ मार," ती म्हणाली. या रेघेला गेट म्हणतात. मी माऊस धरून एक ऐसपैस वर्तुळ काढलं, कुणी सुटायला नको म्हणून. खाली आकडा आला, सीडी४ २४ टक्के. मग ताईने आपली रेघ मारली. २८.

रक्त तेच, मशीन तेच, फाईल तीच. फक्त हात बदलला.

माझ्या वर्तुळात शेजारच्या ढगातल्या मोनोसाइट पेशी आणि थोडा कचरा पण आला होता, त्यामुळे एकूण वाढलं आणि टक्का घसरला. त्यात गंमत अशी की मोनोसाइटवरसुद्धा सीडी४ असतो, पण फिकट. म्हणून नुसतं "तुझ्यावर सीडी४ आहे का?" विचारून चालत नाही, "सीडी३ पण आहे का?" हे विचारावं लागतं. आणि लिम्फोसाइट नीट वेगळ्या काढायला सीडी४५ ची मदत घेतात, तो सगळ्या पांढऱ्या पेशींवर असतो पण लिम्फोसाइटवर ठसठशीत. हे सगळं सांगताना ताई इतक्या सहज बोलत होती की मला वाटलं, आपण संधी-समास सोडवताना बाहेरच्याला असेच दिसत असू.

संध्याकाळी तिने मला एक शोधनिबंध वाचायला दिला. सायंटिफिक रिपोर्ट्समधला, २०१६ चा. इंग्रजी जड होतं पण गोष्ट साधी आहे. नऊ प्रयोगशाळा घेतल्या. माणसांच्या रक्तातल्या पेशी ओळखायला आठ-आठ रंगांचे पाच संच ठरवले. कुणी पिपेटने कमी-जास्त घालू नये म्हणून अँटिबॉडीज आधीच मोजून, वाळवून, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये भरून दिल्या. काम कसं करायचं ते सगळ्यांना एकसारखं लिहून दिलं. आणि निकाल? प्रत्येक प्रयोगशाळा स्वतःशी अगदी प्रामाणिक होती, तोच नमुना पुन्हा दिला की जवळपास तोच आकडा. पण एकीचा आकडा दुसरीशी जुळायचा नाही. मग सगळ्यांच्या फाईली एका ठिकाणी मागवून तिथूनच रेघा मारल्या, तर हा फरक कमी झाला. त्यानंतर रेघ मारायचं काम संगणकाला शिकवलं. त्यानेही त्या एका ठिकाणच्या माणसांच्या तोडीचं काम केलं. ज्या पेशी ठळक असतात त्यांच्याबाबत मतभेद कमी, ज्या फिकट किंवा विरळ त्यांच्याबाबत जास्त.

प्रत्येकजण स्वतःशी बरोबर आणि तरी एकमेकांशी चूक, हे वाचून मी रात्रभर विचार करत होते. कारण हे मला माहीत होतं. आमच्याकडे पोरीसुद्धा "मी आलो", "मी गेलो" म्हणतात. मी पण घरी तशीच बोलते. आजी, मम्मी, शेजारच्या काकू, कुणाचं कधी चुकत नाही, सगळ्यांचं व्याकरण एकदम पक्कं. पाचवीत बाईंनी वर्गासमोर उभं करून विचारलं होतं, "तू मुलगा आहेस का?" तेव्हापासून मी "आले-गेले" लिहिते, आणि प्रमाण हा शब्द दिसला की माझ्या पोटात अजून थोडं दुखतं. भाषाविज्ञानाच्या तासाला प्रमाणभाषा शिकवतात तेव्हा मी मागच्या बाकावर बसून मनात भांडत असते की कुणाची बोली प्रमाण, आणि ठरवणारे कोण?

म्हणून रक्ताच्या बाबतीत "प्रमाणीकरण करा" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आपोआप उभी राहीन असं नव्हतं. पण मी "गेलो" म्हटलं म्हणून कुणाचं औषध अकरा महिने लांबत नाही. अंकलचं लांबलं. हा फरक मला त्या रात्री पुरेसा वाटला. आणखी बारीक विचार कुणी केला असेल तर त्यांनी जरूर लिहावं, मी वाचेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने अंकलचे दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. मी त्यांच्यातले मोठे आकडे पाठ केले होते, बाकीच्या ओळी कधी वाचल्याच नव्हत्या. ती म्हणाली, "इथे बघ." दोन्ही कागदांवर, बारीक अक्षरात, सीडी४ टक्केवारी होती. पहिल्यावर १५. दुसऱ्यावर १५.

मला आधी कळलंच नाही. मग तिने पहिल्या कागदावरचा हिशेब उलगडून दाखवला. एकूण पांढऱ्या पेशी ५,१००. त्यातल्या लिम्फोसाइट २८ टक्के, म्हणजे १,४२८. त्याचे १५ टक्के, म्हणजे २१४. यातला १५ फ्लो सायटोमीटरने दिलेला, आणि आधीचे दोन आकडे रक्तपेशी मोजणाऱ्या दुसऱ्याच मशीनने. दोन मशीनच्या आकड्यांचा गुणाकार, म्हणजे दोघांच्याही चुका त्यात आल्या. दुसऱ्या लॅबची पद्धत वेगळी. तिथे ट्यूबमध्येच मोजून ठेवलेले बारीक मणी असतात. शेंगदाण्यांच्या पोत्यात मोजून शंभर राजमे टाकायचे, नीट मिसळायचं आणि ओंजळभर काढायचं. ओंजळीत दहा राजमे आले तर ओंजळ म्हणजे पोत्याचा दहावा भाग, आता शेंगदाणे मोजा आणि दहाने गुणा. मण्यांचं तसंच. दुसऱ्या मशीनची गरजच नाही, फक्त रक्त पिपेटने अगदी काटेकोर घ्यायला हवं.

"आणि ही वेळ बघ," ताई म्हणाली. पहिलं रक्त संध्याकाळी ६.४० ला घेतलेलं. दुसरं सकाळी ११.५० ला. सीडी४ पेशींची संख्या दिवसभर एकसारखी राहत नाही, दुपारच्या सुमारास कमी असते, संध्याकाळी-रात्री वाढते. ताप, सर्दी, धावपळ, या सगळ्यानेही हलते. टक्केवारी त्या मानाने कमी हलते.

"म्हणजे खोटं कुणाचंच नव्हतं?"

"मामांना हे कुणी सांगितलं नाही, तेवढं चुकलं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि दोन लॅबनी एकमेकांना नावं ठेवली, ते."

दोन वर्षं जपलेला राग असा कुणी हातातून काढून घेतला की माणसाला रिकामं रिकामं वाटतं. मला वाटलं.

या सगळ्यावर नियम नव्हते असं नाही. अमेरिकेच्या सीडीसीने सीडी४ कसं मोजावं याची मार्गदर्शक तत्त्वं १९९२ साली काढली, १९९७ ला सुधारली, आणि २००३ ला या एका मशीनच्या मण्यांच्या पद्धतीवर वेगळी काढली. आपल्याकडे पुण्यातल्याच भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने देशभरच्या सीडी४ लॅबची परीक्षा घ्यायचं काम केलं. परीक्षाच म्हणायची. टिकवलेल्या रक्ताचे तेच नमुने सगळ्या लॅबना जातात, प्रत्येकीने पेशंटचं रक्त मोजतो तसं मोजायचं, आकडा कळवायचा, मग बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते परत कळतं. ताईच्या लॅबलाही असे बाहेरचे नमुने येतात. "निकालाच्या दिवशी आम्ही सगळे बारावीची पोरं असतो," ती म्हणाली. आपला आकडा सगळ्यांपासून लांब निघाला तर पिपेटपासून गेटपर्यंत सगळं उकरून काढायचं. रोज सकाळी पहिलं रक्त घेण्याआधी ठरलेल्या चमकेचे मणी सोडून मशीनचे डोळे कालच्याइतकेच उघडलेत ना, ते बघायचं. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची नाही. रक्त कधी घेतलं ती वेळ लिहायचीच. हे सगळं ती रोज करते, आणि पेशंटला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याला एक आकडा दिसतो.

ती २०० ची रेघ पण नंतर हलत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली ती ३५० वर नेली, २०१३ ला ५०० वर, आणि २०१५ मध्ये रेघच पुसली. सीडी४ कितीही असो, औषध सुरू करा. भारताने २०१७ पासून तेच धरलं. म्हणजे आजच्या नियमाने अंकलना त्या दोन कागदांवर भांडावंच लागलं नसतं. आता औषध काम करतंय की नाही ते बघायला मुख्यतः रक्तातला विषाणू मोजतात. अंकल रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेतात, रविवारी चर्चमध्ये कॉयरच्या मागे उभे राहून मोठ्याने आणि बेसूर गातात.

पुण्याहून आल्यावर मी फाईल घेऊन त्यांच्याकडे गेले. दोन्ही कागद शेजारी ठेवले, ताईने मला दाखवलं तसं बोट ठेवून दाखवलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा शोधला, पुसला, लावला. बराच वेळ बघत बसले, एकदा इकडं, एकदा तिकडं.

"दोन्हीकडं पंधराच की गं," ते म्हणाले.

"होय."

"तेव्हाबी होतं हे? इथंच?"

"होय अंकल, इथंच होतं."

त्यांनी कागद परत फाईलला लावले, आधी होते त्याच क्रमाने. पंचाची भोकं फाटत आली होती म्हणून चिकटपट्टी मागितली. मी आणून दिली. दोन्ही भोकांना पट्टी लावेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग फाईल माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तुझ्याकडंच ठेव आता. अन् चहा टाक की, आल्यापासून बसूनच हायस."